बास गेली म्हणण्याआधी मोजून बघा

"दादा, बास गेली बघा. पिकअपच बदलून टाकूया."

मागच्या जुलैतली गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक ऑर्केस्ट्रावाला दारात उभा होता. बाहेर धो धो पाऊस, खांद्यावरच्या बास गिटारच्या पिशवीतून पाणी निथळत होतं, आणि गणपती महिनाभरावर आले होते. त्याच्या तक्रारी तीन. जाड तार खरखरते. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की फोडणी तडतडल्यासारखा आवाज येतो. आणि अँपला लावली की मागे सतत घूंऽऽ चालू राहतं. मोबाईलवर त्यानं नवा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग, निवडूनही ठेवला होता. किंमत बघितली तर त्याच्या दोन-तीन कार्यक्रमांची कमाई त्यात गेली असती.

मी त्याला फोन खिशात ठेवायला सांगितला. तिन्ही तक्रारींपैकी एकीचाही पिकअपशी संबंध नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही जे जे केलं, ते इथं सविस्तर लिहितो. कोल्हापुरात बास वाजवणारी पोरं बरीच आहेत, पण बास उघडून आत बघायचं धाडस फार थोडी करतात.

सुरुवातीलाच एक सांगतो. हे वाद्य उघडता यावं म्हणूनच तसं बनवलेलं आहे. लिओ फेंडर हा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्यानं 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. उभ्या, माणसाएवढ्या डबल बासवर पडदे नसतात, सूर अंदाजानं आणि कानानं शोधावा लागतो. याच्या वाद्यावर फ्रेट होते, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, त्यामुळे सूर नेमका लागायचा. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच आलं. रेडिओवाल्याच्या डोक्यातून आलेलं वाद्य असल्यामुळे त्याची मान बॉडीला चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी कसलेली आहे. पिकअप, पॉट (बटणाखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग), ब्रिज (बॉडीवरची, तारा जिथं अडकतात ती पट्टी), चाव्या (तारा सुरात लावायच्या खुंट्या), सगळंच स्क्रू काढलं की हातात येतं. १९६० मध्ये दोन पिकअपची 'जॅझ बास' आली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बास या दोघींपैकी एकीच्या नकला आहेत. म्हणून तर सुटे भाग इतके सहज मिळतात. ते आपल्या वाद्यात बसतीलच असं मात्र नाही. त्याकडे पुढे येतो.

खरखर कुठली, हे आधी ठरवा

मिरज आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा, तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा असा घासतात की तार तिला हलकेच चाटत राहावी आणि सूर भरून यावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्यात तार मुद्दाम घासू देतात. बासमध्ये तीच तार नको तिथं फ्रेटला घासली की खरखर होते. प्रश्न एवढाच की ती नेमकी कुठं घासते.

तार मोकळी वाजवल्यावरच खरखर होत असेल आणि बोट ठेवल्यावर जात असेल, तर दोष नटचा. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटते. पहिल्या चार-पाच फ्रेटांत खरखर असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ झाली आहे किंवा उलटी वाकली आहे. बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल, तर ब्रिजवर तारा फार खाली बसल्या आहेत. आणि एकाच जागी, एकाच फ्रेटवर असेल, तर पुढचा फ्रेट उचलला गेलाय. तीन फ्रेटांवर टेकेल एवढी छोटी सरळ पोलादी पट्टी ठेवा. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे.

आमच्या ऑर्केस्ट्रावाल्या मित्राची खरखर पहिल्या पाच फ्रेटांतली होती. म्हणजे दोष मानेत.

इथं थोडं थांबून समजून घ्यायला हवं. बासच्या चार तारा मिळून मानेवर पाऊणशे किलोच्या आसपास ओढ लावतात. ती ओढ तोलायला मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. मान पूर्ण सरळ असून चालत नाही. जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हेलकावे घेते, आणि तिचा हेलकावा मोठा असतो. त्याला जागा मिळावी म्हणून मानेला मध्यभागी अगदी थोडा खोलगटपणा ठेवतात. त्याला रिलीफ म्हणतात.

तो मोजायला तारच पट्टीसारखी वापरायची. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि मान जिथं बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यात किती फट आहे ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असली तर उत्तम. ही फट डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यासाठी फीलर गेज लागतो. मोटारसायकलचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक पातळ पात्यांचा जुडगा वापरतो, तोच. उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर 'कशाला' असंही कुणी विचारत नाही. मला तर वाटतं, बास दुरुस्त करणाऱ्यानं पहिली खरेदी कुठली करावी तर याची.

मित्राच्या बासमध्ये ०.०५ चं पातंही सरकेना. फट उरलीच नव्हती. कारण खिडकीबाहेर पडत होतं. लाकूड ओलावा पितं आणि फुगतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली, मार्च-एप्रिलात कोरडी. प्रत्येक मान सारखी हलत नाही, लाकडाच्या प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. पण पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजणं मी कधी चुकवत नाही.

ट्रस रॉडचा नट (ती पांढरी पट्टी नव्हे, सळईच्या टोकाचा) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की मान सरळ होते, उलट फिरवला की खोलगटपणा वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा सुरात लावून पुन्हा मोजायचं, आणि लाकडाला सावरायला थोडा वेळ द्यायचा. ॲलन की बरोबर मापाचीच हवी. काही बासना मिलिमीटरची लागते, काहींना इंचाची, आणि दोन्ही जवळपास सारख्या दिसतात. ढिली की घालून जोर लावला तर नटची कड झिजते, आणि मग ती दुरुस्ती खरंच महागात जाते. फिरता फिरत नसेल, तर जोर न लावता जाणत्या माणसाकडे जा.

आम्ही पाव फेरा सैल केला. अर्ध्या तासानं ०.२५ चं पातं अलगद सरकलं, आणि खरखर गेली. एक पैसाही खर्च झाला नाही.

त्यानंतरच ब्रिजकडे वळायचं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मान, मग तारांची उंची, मग सुराची लांबी. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर उंची बहुतेकांच्या हाताला मानवते. मग ट्यूनर लावून प्रत्येक तार मोकळी वाजवा आणि बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो छोटा ठोकळा, मागे, उतरला तर पुढे. जाड तारेचं सॅडल सगळ्यात मागे जातं, त्यात चूक काही नाही. जाड तार ताठ असते, तिचं दोन्ही टोकांजवळचं थोडं अंतर नीट हलत नाही, म्हणून तिला थोडी जास्त लांबी लागते.

नटचं काम करायची वेळ आलीच तर आपल्या गावात एक सोय आहे. खाचा कोरायला बारीक कानशी लागतात, आणि गुजरीत सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे त्या मिळतात. हाडाचा तुकडा आणि त्यावर चालणारा सरावाचा हात हवा असेल, तर मिरजेची वाद्यांची गल्ली आहेच.

तडतड, घूं आणि आतल्या तारा

आता आतल्या वायरिंगवरचं झाकण उघडू. आत दिसतं त्याला घाबरू नका, साध्या प्रिसिजन पद्धतीच्या बासमध्ये मोजून चार गोष्टी असतात: पिकअप, दोन पॉट, एक कॅपॅसिटर आणि केबल लावायचा एक जॅक.

पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी बारीकशी वीज निर्माण होते. झिजणारा भागच यात नाही. म्हणून पिकअप सहसा मरत नाही. मेला आहे की नाही हे बास न उघडताही कळतं. केबल बासला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरनं टोक आणि दांडा यांच्यातला रोध मोजा. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपला साधारण दहा-अकरा किलोओम येतो, जॅझच्या एका पिकअपला सात-आठ. मित्राच्या बासला १०.१ आला. म्हणजे पिकअप ठणठणीत. आत तो १०.५ असणार. व्हॉल्यूमचा २५० किलोओमचा पॉट त्याला समांतर जोडलेला असतो, म्हणून आकडा किंचित कमी दिसतो.

तडतड पॉटची होती. पॉटच्या पोटात कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून एक पत्री सरकते. पट्ट्यावर धूळ, घाम, पावसाळी ओल बसली की पत्री मधेच उचलली जाते आणि तडतड होते. बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा बटण इकडून तिकडे फिरवणं पुरतं. इथं पट्टाच झिजला होता, म्हणून पॉट बदलला.

पॉट घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, रोध. साध्या म्हणजे बॅटरी नसलेल्या बासला २५० किलोओम. बॅटरीवाल्या बासमध्ये बरेचदा २५ किलोओमचे असतात, त्यांची अदलाबदल केली तर बटण नीट चालत नाही. दुसरी, पॉटवरचं अक्षर. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पॉटवर 'ए' म्हणजे ऑडिओ आणि 'बी' म्हणजे सरळ चढणारा. आपला कान आवाजाची चढती वेगळ्या हिशोबानं ऐकतो. व्हॉल्यूमला 'बी' लावला तर बटणाचा बराच प्रवास काही घडत नाही आणि शेवटच्या थोड्या भागात सगळा आवाज कोसळतो. तिसरी, दांड्याभोवतीच्या आट्यांच्या नळीची जाडी. स्वस्त बासच्या लाकडात सात-आठ मिलिमीटरची भोकं असतात आणि मोठ्या अमेरिकी पॉटला साडेनऊ लागतात. भोक मोठं करावं लागलं तर हातानं रीमर फिरवा. ड्रिलनं पॉलिश उडतं.

टोनच्या बटणाला कॅपॅसिटर लागतो. तो म्हणजे पिठाची चाळण. बारीक ते खाली पडतं, जाड ते वर राहतं. बारीक सूर कॅपॅसिटरमधून अर्थिंगला निघून जातात, जाड सूर पुढे अँपकडे जातात, आणि किती पीठ चाळणीत ओतायचं ते पॉट ठरवतो. बहुतेक बासना ०.०४७ मायक्रोफॅरडचा लागतो, त्याच्यावर '४७३' असं छापलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात तो चहाच्या पैशात मिळतो. जुन्या काळचे म्हणून हजार-दोन हजारांना विकले जाणारे कॅपॅसिटरही मी लावून पाहिलेत. माप सारखं असेल तर कानाला फरक पडत नाही, हे माझं ठाम मत आहे. ते पैसे नव्या तारांवर घालवा, फरक लगेच ऐकू येईल.

सोल्डर मारताना एक काळजी घ्या. पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर जोडायची असते आणि ते पत्र्याचं आवरण उष्णता शोषून घेतं. एकदा माझ्या हातातला कैया पंचवीस वॅटचा होता, मी तो पॉटवर बराच वेळ धरून बसलो आणि आतला पट्टाच भाजला. पाठ आधी पॉलिश पेपरनं खरवडा, चाळीस-साठ वॅटचा तापलेला कैया घ्या, आणि तीन-चार सेकंदांत काम उरका.

राहिलं ते घूं. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे हे घूं जवळपास आपल्याच सुरावर बसतं आणि वाजवताना लपूनही जातं. गाणं थांबलं की मग सगळ्यांना ऐकू येतं. एकेरी वेढ्यांच्या पिकअपला ते जास्त लागतं. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत आला, दोन्ही तुकड्यांची चुंबकं आणि वेढे एकमेकांच्या उलट, त्यामुळे बाहेरून शिरलेलं घूं एकमेकांना मारतं आणि तारेचा सूर मात्र जोडला जातो. जॅझमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की हेच घडतं. एक कमी केला की घूं परत येतं. त्याला बिघाड समजू नका, रचनाच तशी आहे.

मित्राची बास प्रिसिजन पद्धतीची, तरी घूं येत होतं. तारांना हात लावला की कमी व्हायचं, म्हणजे ब्रिजखालून आत जाणारी अर्थिंगची वायर शाबूत होती. आतल्या पोकळीला मात्र आडोसा काहीच नव्हता. आम्ही तांब्याची चिकटपट्टी आतून सगळीकडे लावली, तुकडे एकमेकांवर चढवले, सगळे तुकडे एकमेकांना जोडलेत हे मल्टिमीटरनं तपासलं आणि एक वायर अर्थिंगला दिली. जॅकचं गरम टोक, म्हणजे सूर वाहून नेणारं, तांब्याला टेकणार नाही एवढं बघायचं, टेकलं तर आवाजच बंद होतो.

इथं एक गोष्ट जिवाची आहे म्हणून ती नीट वाचा. बासच्या तारा केबलमधून थेट अँपच्या आवरणाला जोडलेल्या असतात. मांडवात अँपच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून किंवा दोन पिनांच्या जोडणीत खुपसून काम भागवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी तारांवर हात आणि ओठाला माईक लागला तर शरीरातून वीज जाऊ शकते. ओठाला थोडीशी जरी चुणचुण लागली तरी वाजवणं थांबवा आणि वायरमनला अर्थिंग तपासायला लावा. हे बास उघडून सुधारत नाही.

भाग मागवायचाच असेल तर

कधीकधी भाग खरोखर बदलावा लागतो. चावीचे दाते झिजतात, ब्रिज गंजतो, आवाज मनासारखा नसतो. तेव्हा नावावर विश्वास ठेवू नका, मापावर ठेवा. जॅझ बासचे दोन पिकअप सारखे दिसतात, पण ब्रिजकडचा मानेकडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनं लांब असतो. दोन्ही एकाच मापाचे घेतले तर एक बसत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले आणि दोन्ही चालू केल्यावर आवाज पोकळ, पातळ झाला, तर घाबरू नका. एकाच्या दोन वायरी उलट जोडा. त्याआधी एवढं बघा की जी वायर आता गरम बाजूला जाणार तिला पिकअपचं धातूचं आवरण जोडलेलं नाही.

ब्रिजसाठी दोन मापं लागतात, तारांमधलं अंतर आणि स्क्रूंच्या भोकांची जागा. तारांमधलं अंतर बहुतेक चार तारांच्या बासमध्ये १९ मिलिमीटर असतं. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जड पितळी ब्रिज मागवला. पानावर १९ लिहिलेलं होतं, आला तो १८ चा. परत घेतला नाही. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागतो. जुनी भोकं बुजवायला अगरबत्तीची काडी, फेविकॉल आणि एक रात्र पुरते. वाळल्यावर नवं भोक बारीक ड्रिलनं पाडायचं.

सगळ्यात जपून घ्यायची ती मान. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. फेंडरच्या मापात ३४ इंच येतात, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. फ्रेटांची सगळी मांडणी त्या लांबीवर बेतलेली असते, त्यामुळे ३२ इंचांची मान ३४ च्या बॉडीवर लावली तर एकही सूर लागणार नाही. मानेचा बुंधा फेंडर पद्धतीत ६३.५ मिलिमीटर रुंद असतो, बॉडीतली खाच त्याला मिळती हवी. नटची रुंदी तुमच्या हाताचा प्रश्न: जॅझची सुमारे ३८, प्रिसिजनची साधारण ४१ किंवा ४२ मिलिमीटर.

परदेशी मानेचा काळसर फ्रेटबोर्ड बरेचदा आपल्याच शिसवीचा असतो. २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आल्या आणि सीमेपार जाणाऱ्या वाद्यांना कागदपत्रं लागू लागली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली. सह्याद्रीत वाढणारं झाड अमेरिकेला जाऊन बास होऊन परत येतं, याचं मला अजून नवल वाटतं.

चाव्यांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. भोकाचा व्यास आणि मागच्या स्क्रूंची जागा मोजा, बाकी सगळ्या चालतात. बॅटरीवाल्या बासचंही तसंच. आवाज फाटायला लागला की पहिल्यांदा नऊ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. अशा बासमध्ये जॅकच स्विचचं काम करतो. केबल आत असेपर्यंत बॅटरी चालू असते, म्हणून कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवा.

रात्री साडेनऊला मित्राची बास तयार झाली. एक पॉट, एक कॅपॅसिटर, तांब्याची चिकटपट्टी. पिकअप जुनाच. काढलेला पॉट मी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घातला, वर चिठ्ठी लिहिली: तारीख, रिलीफ ०.२५, सतराव्या फ्रेटवर अडीच आणि दोन, पिकअप १०.१. ती त्यानं बासच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवली. यंदा एप्रिलात तो स्वतःच फीलर गेज घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, आता ०.४ चं पातं जातंय. पाव फेरा घट्ट करू का?"